ती अश्रूंची नाही, अत्तराची बाटली आहे

काका जाऊन चार महिने झाले. परवा मावशीने मला एक फॉरवर्ड दाखवला आणि तो वाचून ऑनलाइन मागवलेली जुनी बाटलीही. फॉरवर्डमध्ये म्हटलंय की रोमन लोक मृतासाठी बाटलीत अश्रू साठवत, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या विधवाही साठवत आणि ते सुकले की शोक संपला असं मानत. बायबलमध्येही याचा उल्लेख आहे, असंही त्यात होतं. मावशी म्हणाली, "माझं रडू अजून थांबत नाही गं. जास्तच होतंय का?"

म्हणून आधी सुकण्याचंच बघू. मावशीची बाटली लाल काचेची, बोटापेक्षा थोडी लांब, दोन्ही टोकांना चांदीची टोपणं. एक आट्यांचं, दुसरं बिजागरीचं, त्याच्या आत घासून बसवलेलं काचेचं बूच. मधे भिंत. एका कप्प्यात अत्तर, दुसऱ्यात घेरी आल्यावर हुंगायचे अमोनियाचे क्षार. लंडनची सॅम्पसन मॉर्डन कंपनी अशा बाटल्या बनवायची. वास उडू नये म्हणून इतकं घट्ट बूच लावलेल्या बाटलीत अश्रू सुकणार कसे? आणि नुकतंच माणूस गमावलेल्या बाईला शोकाची मुदत ठरवून देणारे हे कोण?

रोमन थडग्यांत लहान बाटल्या सापडतात, हे खरं. पण त्या तेला-अत्तराच्या. स्पेनमधल्या कार्मोना इथे २०१९ मध्ये न उघडलेली रोमन कबर मिळाली. एका बाईच्या अस्थिकलशात स्फटिक कोरून केलेली कुपी होती, डांबराने बंद केलेली, सुमारे २००० वर्षांपूर्वीची. कोर्दोबा विद्यापीठाच्या संशोधकांनी आतला गोळा तपासला आणि २०२३ मध्ये निष्कर्ष छापला: पॅचुली. आपण गजऱ्यात ओवतो त्या पाचेचीच ही सख्खी बहीण. स्फटिकासारख्या महागड्या कुपीत त्या लोकांनी सुगंध जपला होता, अश्रू नव्हे.

बायबलचं म्हणाल तर ५६व्या स्तोत्रात देवाने अश्रू बुधलीत भरून ठेवावेत अशी विनवणी आहे, हे मान्य. पण ते काव्य आहे, आणि तिथला मूळ हिब्रू शब्द कातडी पखालीचा आहे. अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांच्या बायका बाटलीत अश्रू साठवत, अशी जी गोष्ट सांगतात तीही याच माळेतली.

मावशी बाटली परत करणार नाही म्हणते. काकांना हिना आवडायचा, तो भरणार आहे. काल तिने बिजागरी उघडली, बूच काढून हुंगलं. आत काही नव्हतं. मग पुन्हा रडली, आणि मी तिला रडू दिलं.