चोराची प्रायव्हसी जपणारा सीसीटीव्ही कसा बसवावा

कॅमेरे घेताना फक्त एकच प्रश्न विचारायचा, किती मेगापिक्सेल? बाकी काही विचारलंत तर बसवणाऱ्याला उगाच वाटतं की गिऱ्हाईकाला यातलं कळतं. बॉक्सवर 'फुल एचडी' छापलंय ना, मग विषय संपला. डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग करणारं मशीन, आतून '१०८०एन'वर चाललाय, म्हणजे आडवे १९२० पिक्सेल टिपायचे तिथे ९६० च टिपतोय, पण मेनूत जाऊन कोण बघतंय. १०८० आकडा तर आहे की त्यात!

कॅमेरा होईल तेवढा उंच लावा, चोराने भांग कुठून पाडलाय ते स्पष्ट दिसतं.

गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं एकाच कॅमेऱ्यात आलं पाहिजे असा हट्ट धरा. अनोळखी माणूस ओळखू यायचा तर एका मीटरला साधारण २५० पिक्सेल हवेत असं आयईसी ६२६७६-४ नावाचं सीसीटीव्हीचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड २०१४ च्या आवृत्तीत सांगतं, म्हणजे फुल एचडीत जेमतेम साडेसात मीटर रुंदीचा पट्टा. पण आपलं पार्किंग तर वीस मीटरचं, आणि दुसऱ्या कॅमेऱ्याला पैसे पडतात ना.

आता मुख्य टीप. कॅमेरे आठ, हार्ड डिस्क १ टीबी, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठणकावून सांगायचं, "रेकॉर्डिंग महिन्याभराचं पाहिजे." बसवणारा मान डोलावतो, कारण त्याला मेनूतलं एक सेटिंग माहितीये, बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा लिहायचा ते. फुल एचडीला एच.२६४ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या नेहमीच्या पद्धतीत, ४ एमबीपीएसच्या (सेकंदाला ४ मेगाबिट) आसपास दिलं तर एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी खातो, आठ कॅमेऱ्यांत तुमची डिस्क तीन दिवसांत भरली. मग तो काय करतो, तर ३८४ केबीपीएस, म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. झाले तीस दिवस! कमिटी खूश, टाळ्या, चहा. आता हे दाबणं, म्हणजे कॉम्प्रेशन, काय करतं, तर अधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवतं आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त जे बदललं तेवढंच लिहितं, त्यामुळे रिकामं पार्किंग एकदम टकाटक दिसतं, भिंतीवरचं 'येथे थुंकू नये' अक्षर न् अक्षर वाचता येतं, आणि कोणी चालत आलं की लिहायचं भरपूर पण जागाच नाही, मग त्या माणसाचे चौकोन. म्हणजे जो हलत नाही त्याचं रेकॉर्डिंग उत्तम आणि ज्याच्यासाठी हा सगळा खर्च केला नेमका तोच पुसट. रात्री तर विचारूच नका, अंधारात चित्रात मुंग्या येतात आणि त्या मुंग्याही मशीनला हालचालच वाटतात, उरलेसुरले बिट त्यांच्या मागे जातात.

परवा आमच्या इथून स्कूटर गेली. फुटेज बघायला अर्धी बिल्डिंग ऑफिसात. डोक्याच्या जागी सहा-सात राखाडी चौकोन, नंबरप्लेटच्या जागी इन्फ्रारेडने उजळलेला पांढरा ठिपका. सेक्रेटरी काका म्हणतात टोपी घातलीये, समोरच्या काकू म्हणतात टोपी कसली, टक्कल आहे ते. यावर चांगला पाऊण तास वाद. हवालदार साहेबांनी दोनदा पुढेमागे करून विचारलं, "हा माणूस आहे की पोतं?" तारीख विचारू नका, आमचा डीव्हीआर अजून सन २००० मध्येच राहतो. आणि मग कोणीतरी तेच फुटेज मॉनिटरवरून मोबाइलने शूट करून व्हॉट्सॲपवर टाकलं, खाली मेसेज, "कोणी ओळखतं का?" ओळखतो ना! चौकोनच आहे तो!

कॅमेरा बसवला तेव्हा तर झकास दिसत होता, असं म्हणताय? दिसणारच. बसवणाऱ्याने तुम्हाला टीव्हीवर लाइव्ह दाखवलं, कॅमेऱ्यातून थेट आलेलं. कॉम्प्रेशन होतं ते रेकॉर्डिंगचं, आणि ते उघडून दाखवा असं एकाही शहाण्याने म्हटलं नाही.

बास झालं आता. गणपतीत ऑर्केस्ट्रावर पैसे उधळताना कोणी हिशोब विचारत नाही, आणि ४ टीबीच्या डिस्कचा विषय काढला की "बजेट बघू". ४ टीबीत हेच आठ कॅमेरे दीड एमबीपीएसवर महिनाभर चालतात, एच.२६५ ही त्यापुढची पद्धत चालू केली तर त्याच बिटरेटमध्ये चित्र अजून बरं येतं, आणि हे त्या बसवणाऱ्याला माहीत असतं. माहीत असून तो बोलत नाही, कारण तुम्ही विचारत नाही, तुम्हाला दर कमी हवा असतो आणि पाटी मोठी हवी असते. अहो, ज्याची स्कूटर गेली तो पोरगा हप्ते भरतोय अजून! आज रात्री एकाला पार्किंगमधून चालायला लावा, मग रेकॉर्डिंग उघडा, मोबाइल ॲपवरचं लाइव्ह नाही, रेकॉर्डिंग, पॉज करा आणि सांगा कोण आहे. नाही सांगता आलं तर उद्या सकाळीच त्या बसवणाऱ्याला बोलवा आणि समोर बसवून बिटरेट बदलून घ्या. आणि तोपर्यंत गेटवरची ती 'सावधान, आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात' पाटी उतरवून ठेवा.