नर्मदा घाट चढली, मी चढलो नाही

गेल्या रविवारी मला पाण्याबाहेर काढायला 40 हॉर्सपॉवर कमी पडले. घरच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरतोच आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. पण त्या व्हिडिओत फक्त माझा चेहरा दिसतो. बोटीत मागे कोण कोण बसलं होतं ते दिसत नाही, कारण शूटिंग तेच करत होते.

भाच्याने सेकंडहँड मोटरबोट घेतली आहे. 14 फुटी, मागे आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगलेलं इंजिन. दोन महिने ती इंदूरच्या त्याच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. मग कुणाच्या तरी ओळखीने महूपलीकडच्या एका तलावावर परवानगी मिळाली आणि "मामा, वॉटर स्कीइंग!" असा फोन आला. मी हो का म्हणालो, हे बायको अजून विचारते.

प्रकार असा असतो. लाइफ जॅकेट घालून पाण्यात खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं, गुडघे छातीशी, पायाला बांधलेल्या लांब फळ्यांची, म्हणजे स्कीची, टोकं पाण्याबाहेर, हात सरळ, हातात दोराची मूठ. बोट ओढते, आपण अलगद उभे राहतो. अलगद हा शब्द भाच्याचा.

पिवळा दोर पाण्यावर सापासारखा पडला होता. तो सरळ झाला, ताणला, त्याच्यावरून थेंब उडाले. इंजिन किंचाळलं. बोटीचं नाक आभाळाकडे गेलं, ढुंगण पाण्यात बसलं, आणि मी जागच्या जागी नांगरासारखा तलाव नांगरू लागलो. पाणी नाकातून आत आलं आणि सकाळच्या पोह्यांवरचा जिरावण मसाला बाहेर जायला बघू लागला. मूठ सोडली.

काठावर घडीच्या खुर्चीत एक काका बसले होते. आमच्यातले नव्हते. त्यांचं कुटुंब लांब झाडाखाली जेवत होतं, पण काका तोवर पूर्णपणे आमचे झाले होते. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात शेव.

"किती हॉर्सपॉवर?" त्यांनी ओरडून विचारलं.

"चाळीस!" भाचा अभिमानाने म्हणाला.

काकांचा शेवेचा घास हवेतच थांबला. "अहो, साडेसातची मोटर चारशे फुटांवरून पाणी खेचते! तुम्ही किती फुटांवर आहात?"

मी गळ्यापर्यंत पाण्यात. "तीन," म्हणालो.

"तीन फूट!" काका उभे राहिले. "भिया, नर्मदा जलूदहून इंदूरला सत्तर किलोमीटर पाइपाने येते. विंध्याचा घाट चढून येते. अठ्ठ्याहत्तर सालापासून रोज येते... म्हणजे एक दिवसाआड येते, पण येते! आणि तुम्ही तीन फूट वर येऊ नाही शकत?"

यावर काय बोलणार? नर्मदेशी माझी तुलना आजवर कुणी केली नव्हती.

"वजन किती?"

"ऐंशी!"

"एक्क्याण्णव," बायको थर्मासमधून मान वर न काढता म्हणाली. पाण्यावरून आवाज फार स्वच्छ जातो.

"नाश्ता?"

"पोहे."

"किती प्लेट?"

मी गप्प. बायकोने दोन बोटं वर केली. जिलबी तिने सांगितली नाही, तेवढा संसार अजून टिकून आहे.

काकांनी डब्याचं झाकण लावलं. "मग मोटरीचा दोष नाही. स्टार्टिंगचा आहे. कपॅसिटर बघा, सुरुवातीचा झटका तोच देतो." इंदूरच्या सियागंज बाजाराच्या मागे पस्तीस वर्षं पंपाच्या मोटरींचं वाइंडिंग केलेला माणूस. "चालताना मोटर जेवढा करंट खाते, त्याच्या पाच-सहापट सुरू होताना खाते. हिला तो झटकाच मिळून नाही राहिला."

संताप याचा की काका बरोबर होते. पाण्यात बुडालेला माणूस म्हणजे बोटीच्या मागे बांधलेली भिंत. एकदा तो वर आला की स्की पाण्यावर घसरतात आणि त्याच बोटीला तो हलका वाटतो. सगळी मारामारी पहिल्या काही सेकंदांची. त्यात इंजिनाचा पंखा 13 इंच पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात पाण्यात 13 इंच पुढे जाऊ पाहणारा. वेगाला उत्तम, ओढायला म्हणजे भेरू घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढणं. 11 चा हवा होता. बोट विकणाऱ्याने "टॉप स्पीड बघा साहेब" एवढंच सांगितलं होतं. टॉप स्पीड बघायला आधी बोट नाक खाली करून पाण्यावर यावी लागते, हे कोण सांगणार?

आणि नाक खाली येणार कसं? मागच्या बाकावर भाच्याचे तीन मित्र, एक बर्फाची पेटी आणि एक स्पीकर. इंजिनाचं वजनही मागेच. मी दोनदा म्हणालो, बाबांनो, पुढे बसा. उत्तर आलं, "मामा, पुढे बसलो तर तुम्ही फ्रेममध्ये कसे येणार?" म्हणजे मी बुडतोय ते दिसावं म्हणून मला बुडवत होते! तिघांचं मिळून दोनशे किलोच्या वर भरलं असतं, पण ग्रुपवर आकडा फिरतोय तो माझा. 91. त्या तिघांना कुणी नाश्ता विचारला?

वॉटर स्कीइंगची सुरुवात अमेरिकेत, लेक पेपिनवर, 1922 साली झाली. राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही बुडाल्या. शेवटी लाकडाच्या आठ फुटी फळ्या आणल्या, आईच्या तांब्याच्या भांड्यात टोकं उकळून वाकवली, आणि त्यांच्यावर उभा राहिला. बोट सख्खा भाऊ चालवत होता. भाऊ. भाचा नव्हे. आणि भाऊ तरी कॅमेऱ्याला दाखवायला ओढत नव्हता.

चौथ्यांदा बुडाल्यावर काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "मी बसतो पुढे," म्हणाले, आणि कुणी काही बोलायच्या आत डब्यासकट बोटीत चढून अगदी टोकाला बसले. वयाच्या मानाने भरदार माणूस. त्यांच्या एका नजरेने मित्रही पुढे सरकले. पेटी काठावर गेली. स्पीकरही.

दोर ताणला. इंजिन या वेळी किंचाळलं नाही, गुरगुरलं. बोटीचं नाक खाली बसलं, माझ्या छातीवरचं पाणी कमरेला आलं, कमरेचं गुडघ्याला, आणि मी उभा होतो! पायांखाली स्की थडथडत होत्या, वारा तोंडावर येत होता. सात सेकंद. मग मी डावीकडे बघितलं, आणि डावीकडे गेलो.

वर आलो तेव्हा तलावावर शांतता. मित्र पुढे तोंड करून बसले होते, कुणाचाच फोन बाहेर नव्हता. भाचा समोर बघून बोट चालवत होता. बायको म्हणाली, "आला होतात का वर? मी थर्मासचं झाकण शोधत होते."

राहिले काका. काठाला आल्यावर मी त्यांना जवळजवळ विनवणीच केली, तुम्ही तरी सांगा यांना.

"मी डोळे मिटले होते," काका शेव चाचपत म्हणाले. "पण आवाज बदललेला ऐकला. मी म्हटलं नव्हतं? कपॅसिटरच."