‘जो प्लग बसतो तो बरोबर’: हे अर्धंच खरं आहे

स्वतः पीसी जोडू पाहणाऱ्या नवख्याला धीर द्यायला एक मजकूर कायम पुढे केला जातो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: ‘घाबरू नका. पॉवर सप्लायच्या केबलींचे प्लग असे घडवलेले असतात की चुकीच्या जागी जातच नाहीत. जो बसतो तो बरोबर. मॉड्युलर, म्हणजे सुट्या होणाऱ्या केबलींचा, सप्लाय असेल तर कुठलीही केबल लावा, व्होल्ट सगळीकडे तेच. एका केबलला दोन प्लग दिलेत ते वापरण्यासाठीच. चूक झालीच तर सप्लाय स्वतःहून बंद पडतो. आणि शट डाऊन केलं की केबली खुशाल काढा-घाला.’

धीर द्यायला माझी काहीच हरकत नाही. पहिल्यांदा मदरबोर्ड हातात घेतला की कुणाचेही हात कापतात. पण यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे आणि त्याच्या आडोशाने बाकीची खपून जातात.

‘चुकीच्या जागी जातच नाहीत.’ हे वाक्य आलं कुठून ते आधी पाहू, कारण त्यामागे खरंखुरं दुखणं होतं. 1995 मध्ये इंटेलने मदरबोर्ड आणि सप्लायची एटीएक्स रचना आणली. त्याआधीच्या एटी रचनेत मदरबोर्डला वीज द्यायला सहा-सहा पिनांचे दोन सुटे प्लग असत, पी8 आणि पी9. दिसायला जुळे, बसायचे शेजारी-शेजारी. अदलाबदल झाली की बोर्ड गेलाच म्हणून समजा. त्यामुळे जोडणाऱ्यांच्या तोंडी एकच मंत्र असायचा, ‘काळ्याला काळी’: दोन्ही प्लगांच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. एटीएक्सने ही भानगड मोडीत काढून 20 पिनांचा एकच प्लग दिला, 2003 मध्ये तो 24 पिनांचा झाला. त्यातल्या काही पिनांची घरं चौकोनी, काहींचे कोपरे छाटलेले. चौकोनी घर छाटलेल्या भोकात शिरत नाही, म्हणून प्लग उलटा बसत नाही. त्या 24 पिनांच्या प्लगपुरतं हे वाक्य मी बिनशर्त मान्य करतो. डिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या एल आकाराच्या प्लगपुरतंही.

पण गंमत अशी की छाटलेलं घर चौकोनी भोकात मजेत शिरतं. म्हणजे अडवणूक एकाच बाजूने आहे. त्यात प्लास्टिक थोडं दबतं, आणि कॅबिनेटच्या कोपऱ्यात, टॉर्च दातात धरून काम करणारा माणूस जोर लावतोच.

आठ पिनांचे प्लग घ्या. प्रोसेसरसाठीचा आठ पिनी आणि ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनी हे लांबून एकाच माळेचे मणी. पहिल्यात चार तारा 12 व्होल्टच्या आणि चार ग्राउंडच्या, म्हणजे विजेच्या परतीच्या; 12 व्होल्टची रांग खटकीच्या, म्हणजे प्लग अडकवणाऱ्या कळीच्या, बाजूला. कार्डाच्या प्लगमध्ये बरोबर उलटं: खटकीच्या बाजूला ग्राउंड आणि पलीकडे 12 व्होल्टच्या तीनच तारा. एक दुसऱ्याच्या जागी दामटला तर 12 व्होल्ट थेट ग्राउंडला भिडतात. टणक प्लास्टिकचा प्लग बहुधा अडतो, पण ‘बहुधा’वर मी माझा बोर्ड ठेवणार नाही. ओळखायची सोपी खूण अशी: प्रोसेसरचा प्लग मधून दुभंगतो, चार अधिक चार. कार्डाचा सहा अधिक दोन असा. 24 पिनांच्या प्लगमधूनही अनेकदा चार पिनांचा तुकडा सुटा होतो. तो प्रोसेसरचा चार पिनी प्लग नव्हे, त्यात 3.3, 5 आणि 12 असे तिन्ही व्होल्ट असतात.

आता मॉड्युलरचं वाक्य. घोडं खरं इथे पेंड खातं, म्हणून इथे जरा थांबतो.

केबलीला दोन टोकं असतात. मदरबोर्डाकडचं, कार्डाकडचं, डिस्ककडचं टोक प्रमाणित आहे: कुठली पिन काय नेते हे ठरलेलं आणि बहुतेक सगळ्या कंपन्या ते पाळतात. पॉवर सप्लायकडच्या टोकाला असा कुठलाही नियम नाही. तिथे पिनांचा क्रम ज्याचा त्याने ठरवावा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत तो वेगळा असू शकतो. मात्र प्लगांचा आकार बहुतेक सगळीकडे तोच, कारण बाजारात सहज मिळणारं मिनी-फिट ज्युनियर हे प्लगांचं घराणं सगळेच वापरतात, पिनांमधलं अंतर 4.2 मिलिमीटर. म्हणजे जिथे नियम नाही, नेमका तिथेच प्लग बिनतक्रार बसतो. वर खटकीचा आवाजही करतो.

साटाची केबल पाहा. तिच्यात साधारण पाच तारा: 3.3 व्होल्ट, ग्राउंड, 5 व्होल्ट, ग्राउंड, 12 व्होल्ट. सप्लायच्या बाजूला बहुतेकदा सहा भोकं. सहा भोकांत पाच तारा किती तऱ्हांनी मांडता येतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पूर्वी निदान तारांचे रंग सांगायचे, पिवळी 12, लाल 5, नारिंगी 3.3. आता बहुतेकदा सगळ्या तारा काळ्या असतात. दिसतात छान, सांगत काहीच नाहीत.

हा धडा मी फुकटात शिकलेलो नाही. जुना सप्लाय काढून त्याच कंपनीचा जास्त वॅटचा आणला. मागच्या केबली मोठ्या कष्टाने आवळून-सावरून बांधलेल्या होत्या. त्या सोडवायचा आळस केला. सप्लाय तेवढा बदलला आणि साटाच्या जुन्या केबलीचं टोक नव्याला लावलं. बसलं, खटकन बसलं. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन आली, आणि दोन हार्ड डिस्क कायमच्या गेल्या. ना ठिणगी, ना धूर, नंतर जवळ नाक नेल्यावर किंचित जळका वास. डिस्कच्या 5 व्होल्टच्या वाटेने 12 व्होल्ट गेले होते. केबली सुबक बांधण्यात घालवलेली अख्खी संध्याकाळ, सगळं मुसळ केरात.

या वाक्यामागचा गैरसमजही कळण्यासारखा आहे. बऱ्याच सप्लायांवर एकाच सॉकेटखाली प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड असे दोन्ही शब्द छापलेले असतात आणि त्या सप्लायबरोबर आलेल्या दोन्ही केबली तिथे चालतात. ते खरं आहे, पण त्या डब्यातल्या केबलींपुरतं. त्यावरून ‘कुठलीही केबल चालते’ हा निष्कर्ष काढणं म्हणजे आपल्या कुलपाला आपल्या दोन्ही किल्ल्या लागतात म्हणून शेजाऱ्याचीही लागेल असं मानणं. माझ्याकडे आता प्रत्येक सप्लायच्या उरलेल्या केबली वेगळ्या पिशवीत असतात, पिशवीवर मॉडेलचं नाव. सप्लाय निकालात निघाला की पिशवीही त्याच्याबरोबर जाते. वेगळी केबल घ्यायचीच असेल, तर कंपनीने त्या मॉडेलसाठी जाहीर केलेल्या सुसंगत केबलींच्या यादीत ती असली पाहिजे. नाहीतर मूळची आणि नवी अशा दोन्ही केबलींची टोकं मल्टीमीटरने पिनेगणिक पडताळून पाहायची.

‘एका केबलला दोन प्लग’ याचं उत्तर कार्डावर अवलंबून. ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधून 75 वॅट घेऊ शकतं, सहा पिनी प्लगमधून 75, आठ पिनीतून 150. दोन आठ पिनी प्लग एकाच केबलीवर लोंबकळत असतील आणि कार्डाने दोन्हींतून पुरेपूर ओढलं, तर 300 वॅट, म्हणजे 25 अँपिअर, आणि ते सप्लायच्या टोकाला तीनच तारांतून. प्रत्येक तारेला आठाहून जास्त. चांगली तार सोसेल, पण सप्लायकडचा जोड तापेल आणि हाताशी काही शिल्लक राहणार नाही. कार्ड एकूण 200 वॅटच्या आसपास घेणारं असेल तर एक केबल पुरते, मी स्वतः वापरतो. त्याच्या पुढे दोन स्वतंत्र केबली. सप्लायबरोबर त्या दिलेल्या असतात, डब्यात ठेवून काय करायच्या?

मूळ मजकुरात नसलेली, पण ‘बसतो तो बरोबर’मध्ये दडलेली एक गोष्ट म्हणजे ‘बसणं’ नक्की कशाला म्हणायचं. 2022 मध्ये एटीएक्स 3.0 बरोबर ग्राफिक्स कार्डांसाठी 16 पिनांचा 12व्हीएचपीडब्ल्यूआर जोड आला: वीज वाहणाऱ्या 12 पिना (सहा 12 व्होल्टच्या, सहा ग्राउंडच्या), इशाऱ्याच्या चार, आणि क्षमता 600 वॅटपर्यंत. म्हणजे 50 अँपिअर, सहा पिनांत वाटलेले, पिनेमागे साधारण 8.3. पिनेची मर्यादा साडेनऊच्या आसपास. सहापैकी दोन पिना नीट टेकल्या नाहीत तर उरलेल्या चारांवर साडेबारा अँपिअर येतात. त्याच वर्षी आरटीएक्स 4090 या ग्राफिक्स कार्डाचे जोड वितळल्याच्या तक्रारी आल्या तेव्हा ते बनवणाऱ्या एनव्हिडियाने प्लग पूर्ण आत न गेल्याचं कारण पुढे केलं. तेवढं एकच कारण मला पटत नाही. दोष घडणीतही होता, नाहीतर 2023 मध्ये 12व्ही-2x6 ही सुधारित आवृत्ती काढावी लागली नसती. तिच्यात इशाऱ्याच्या पिना आखूड केल्या आणि विजेच्या किंचित लांब, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर कार्डाला जोडच लागलेला दिसत नाही. ‘जो बसतो तो बरोबर’ यावर विसंबता येत नाही, याची ही कंपन्यांनीच दिलेली कबुली. प्लग आत ढकलल्यावर टॉर्च मारून फट दिसते का ते पाहायचं आणि प्लगला लागूनच केबल वाकवायची नाही.

‘चूक झाली तर सप्लाय बंद पडतो.’ कधी कधी पडतो. 12 व्होल्ट ग्राउंडला भिडले तर शॉर्ट सर्किट होतं, चांगला सप्लाय तात्काळ बंद होतो, आणि त्याबद्दल त्याचे आभार. पण माझ्या डिस्क गेल्या तेव्हा सप्लायच्या दृष्टीने काहीच बिघडलं नव्हतं. त्याच्या 12 व्होल्टच्या वाटेवर बरोबर 12 व्होल्ट होते, प्रवाहही मर्यादेत. ते पलीकडे 5 व्होल्टच्या चिपवर पडताहेत हे त्याला कळायला मार्ग नाही. व्होल्ट तो स्वतःच्या घरात मोजतो, डिस्कच्या दारात नाही.

अर्धवट बसलेल्या प्लगचंही तेच. चांगल्या जोडाचा रोध 5 मिलिओम धरला तर 8 अँपिअरला त्यात जेमतेम 0.3 वॅट उष्णता होते. ढिला होऊन तो 50 मिलिओमवर गेला तर तेवढ्याच प्रवाहाला 3.2 वॅट, तेही मसुराच्या दाण्याएवढ्या जागेत. प्लास्टिक मऊ पडायला ते पुरे. प्रवाह मात्र वाढलेलाच नाही, मग सप्लायने बंद पडावं कशासाठी?

राहिलं शट डाऊनचं. विंडोज बंद झालं तरी 24 पिनांतली जांभळ्या तारेची पिन, म्हणजे 5 व्होल्ट स्टँडबाय, जिवंतच असते. बटण दाबल्याचं बोर्डाला कळतं ते तिच्याच जोरावर. तेव्हा सप्लायचा मागचा स्विच बंद, मग भिंतीतला प्लग बाहेर, मग कॅबिनेटचं बटण काही सेकंद दाबून धरायचं. एखादा पंखा तेवढ्यात दचकल्यासारखा हलतो, ती कपॅसिटरांत, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांत, उरलेली वीज. बऱ्याच बोर्डांवर एक बारीकसा दिवा असतो, तो प्लग काढल्यावरही क्षणभर रेंगाळतो. तो विझला की मगच केबलीला हात.