ओसुमींचे नोबेल, एकादशी आणि कॅन्सर

गेली काही वर्षे एकादशी जवळ आली की एक मजकूर मोबाइलवर हमखास येतो. त्याचा आशय असा : योशिनोरी ओसुमी या जपानी शास्त्रज्ञाने उपासाने कॅन्सर बरा होतो हे सिद्ध केले आणि त्यासाठी त्यांना २०१६ चे नोबेल मिळाले, वर्षातून २०-२५ दिवस किमान दहा तास उपाशी राहणाऱ्याला कॅन्सर होतच नाही, कारण उपाशी शरीर स्वतःतल्या कॅन्सरच्या पेशी खाऊन टाकते, म्हातारपणही त्यामुळे लांबते, आणि पूर्वजांनी वर्षाला २४ एकादश्या नेमून दिल्या त्या याच हिशेबाने. यातले नाव, पारितोषिक आणि वर्ष खरे आहे, म्हणूनच पुढचे सारे खपून जाते.

ओसुमींनी उपाशी ठेवले ते माणसांना नव्हे, तर पाव फुगवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यीस्टच्या पेशींना. १९८८ साली, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्यांनी टोकियो विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली. यीस्टच्या पेशीत टाकाऊ भागांचे विघटन रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पिशवीसारख्या कप्प्यात, होते. हे विघटन करणारी विकरेच (एन्झाइम) ज्यांच्यात नाहीत असे यीस्ट त्यांनी निवडले आणि त्यांचे पोषण तोडले. काही तासांतच रिक्तिकेत न पचलेल्या पुटिकांचा, म्हणजे टाकाऊ भाग वाहून आणणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांचा, ढीग साचलेला सूक्ष्मदर्शकातून दिसू लागला. १९९२ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी या प्रक्रियेसाठी आवश्यक असलेली १५ जनुके त्यांनी हुडकली. पारितोषिक मिळाले ते या यंत्रणेच्या उलगड्यासाठी. त्या प्रयोगांत कॅन्सरचा रुग्ण नव्हता आणि उपास करणारा माणूसही नव्हता.

खरी गफलत आहे ती ‘खाऊन टाकते’ या शब्दांत. या प्रक्रियेला ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, हे नाव ख्रिस्तियान द द्यूव यांनी १९६३ मध्ये दिले, आणि त्यातला ‘स्व’ म्हणजे आपले शरीर नसून ती एकेक पेशी आहे. पेशी स्वतःच्याच आतले जुने, बिघडलेले भाग वेढून घेते, मोडते आणि त्यांतून निघालेला माल पुन्हा वापरते, जसे अडचणीच्या दिवसांत घरातलीच मोडकी लाकडे चुलीत घालावीत. शेजारच्या पेशीला गिळण्याचे काम भक्षक पेशींचे आहे आणि ती प्रक्रिया सर्वस्वी निराळी आहे. स्वभक्षण ज्या पेशीत घडते तिला तगवते. आणि कॅन्सरची पेशी हीसुद्धा पेशीच आहे.

म्हणूनच प्रयोगशाळेतले चित्र दुहेरी निघाले. बेथ लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले की स्वभक्षणाशी निगडित असलेले बेक्लिन-१ हे जनुक स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींत परत घातले, तर त्यांची गाठ करण्याची क्षमता घटते. २००३ मध्ये या जनुकाची एकच प्रत असलेल्या उंदरांत गाठी अधिक होतात असेही आढळले. निरोगी पेशीतली साफसफाई नीट चालली तर बिघाड कमी साचतो, असा याचा अर्थ लावता येतो. पण गाठ एकदा रुजली की पारडे फिरू शकते. दाट वाढलेल्या गाठीच्या आत रक्तपुरवठा अपुरा असतो आणि तिथल्या पेशी स्वभक्षणाच्याच आधाराने तग धरतात. २०११ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरवरच्या संशोधनात स्वभक्षण रोखल्यावर उंदरांतल्या गाठींची वाढ खुंटली. त्यामुळे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचे जुने औषध कॅन्सरच्या चाचण्यांत वापरले गेले ते स्वभक्षण वाढवण्यासाठी नव्हे, तर अडवण्यासाठी. फिरणाऱ्या मजकुराच्या हे नेमके उलट आहे. तेही सोपे ठरले नाही : स्वादुपिंडाचा कॅन्सर पसरलेल्या ११२ रुग्णांच्या चाचणीत केमोला या औषधाची जोड दिली, तरी वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण वाढले नाही.

दहा तासांच्या उपासाबद्दल फार लिहायला नको. रात्री नऊला जेवून सकाळी सातला चहा-पोहे घेणारा प्रत्येक माणूस हा उपास रोज करतो, आणि कॅन्सर त्यांच्यातल्यांनाही होतो. एकादशीचे म्हणाल, तर ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपणच म्हणून ठेवले आहे. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस पोटात गेला की इन्शुलिन वाढते आणि इन्शुलिन स्वभक्षणाला आवर घालते. व्रताला श्रद्धेचा आधार पुरेसा आहे, त्याला टोकियोचे प्रमाणपत्र कशाला हवे?

म्हातारपणाच्या विधानात थोडे तथ्य आहे. वयाबरोबर स्वभक्षण मंदावते असे अनेक प्राण्यांत दिसते. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेले रॅपामायसिन स्वभक्षणाला चालना देते, आणि २००९ मधील प्रयोगात ६०० दिवसांच्या, म्हणजे उतारवयातल्या, उंदरांना ते दिल्यावर आयुर्मानाची वरची मर्यादा माद्यांत १४ टक्के आणि नरांत ९ टक्के वाढली. मात्र हेच औषध प्रतिकारशक्ती दाबते, आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर ते त्याचसाठी देतात.

उरला प्रश्न रुग्णाच्या उपासाचा. उंदीर एका दिवसाच्या उपाशीपणाने आपल्या वजनाचा दहावा हिस्सा गमावू शकतो, म्हणून त्याचा एक दिवस आपला एक दिवस नसतो. माणसांवरच्या चाचण्याही झाल्या आहेत. नेदरलँड्समध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या १३१ रुग्णांपैकी काहींना केमोच्या आसपासचे मोजके दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अत्यल्प उष्मांकांचा आहार दिला गेला. गाठी आक्रसण्याच्या बाबतीत काही आशादायक खुणा दिसल्या, पण केमोचे तीव्र दुष्परिणाम घटले नाहीत, आणि तो आहार शेवटच्या आवर्तनापर्यंत पाळणे साधारण पाचातल्या एकीलाच जमले. या आहाराची तपासणी केमोच्या जोडीने झाली होती, केमोऐवजी नव्हे.