‘आजोबांची नाणी कवडीमोलाने विकली’ : एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. आमच्या लिलावात विकायला दिलेल्या नाण्यांबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 1939 चा रुपया आम्ही ‘खोटा’ म्हणून परत केला, तो बहुतेक बदललेला आहे. 1911 चा रुपया घेणाऱ्याची सात हजारांची तयारी होती, हिशेबात मात्र साडेचारच दिसतात. 26 रुपये एका लॉटमध्ये, म्हणजे एकगठ्ठा, कोंबून उडवले. अंकुशी रुपयाचा (अंकुशाची खूण असलेला पेशवाईतला रुपया) फोटो भिकार होता. आणि पैसे उशिरा आले. शेवटच्या दोन्ही तक्रारी बरोबर आहेत, त्यांच्याकडे येतोच.

आधी बदलाबदलीचा आरोप. नाणी जमा करताना प्रत्येक नाणं तुमच्यासमोर काट्यावर ठेवूनच फोटो काढला होता. पावतीवरची 27 नंबरची ओळ बघा: ‘रुपया, 1939, 11.02 ग्रॅम’, शेजारी तुमची सही. परत दिलेलं नाणं आजही तेवढंच भरेल. अस्सल रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात 91.7 टक्के चांदी. वापरून वजन घटतं हे खरं, पण मुकुटावरची नक्षी जशीच्या तशी आणि वजन मात्र 0.64 ग्रॅमने कमी, असं होत नाही.

आमच्यावर विश्वास ठेवू नका, घरीच ताडून बघा. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. बुडबुडा चिकटला असेल तर झटका, नाहीतर आकडा फुगतो. आता काट्यावर जो आकडा दिसेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. अस्सल रुपयाला काटा 1.13 च्या आसपास दाखवतो आणि भागाकार 10.3 येतो. तुमच्या नाण्याला काट्याने 1.24 दाखवलं, भागाकार 8.9. हा आकडा तांब्याच्या जवळचा आहे, या चांदीचा नव्हे. दहापट भिंगातून अक्षरांच्या कडेला ओतकामाचे खड्डे दिसतात आणि किनारीच्या दात्यांवरून साच्याचा सांधा गेलेला दिसतो. 1939 ला भाव आहे म्हणून अशा प्रती फिरतात. याहून बेरकी प्रकार म्हणजे खऱ्या 1938 मधल्या 8 चा 9 करणं. त्यात वजन आणि चांदी दोन्ही बरोबर येतात, चोरी फक्त भिंगाखाली सापडते. तुमचा तो प्रकार नाही. आजोबांना कोणी फसवलं असेल, पण ते आमच्याकडे येण्याआधी.

1911 च्या रुपयाचं गणित वेगळं आहे. सात हजार ही त्या ग्राहकाने टाकलेली कमाल बोली होती. सिस्टीम ती उघड करत नाही, समोरच्याला मागे टाकण्यापुरतीच वापरते. दुसऱ्या ग्राहकाची कमाल बोली 4,250 होती, पुढची पायरी 250 ची, म्हणून हॅमर प्राइस, म्हणजे लिलावात ठरलेली अंतिम बोली, 4,500. मधले अडीच हजार कोणाच्याच खिशात गेलेले नाहीत, ते त्या ग्राहकाकडेच राहिले. दुसरा कोणी 6,750 पर्यंत चढला असता तर तुम्हाला सात मिळाले असते.

चढला का नाही, तेही सांगतो. जॉर्ज पंचमच्या अंगरख्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाल्यावर सरकारने हा रुपया मागे घेतला आणि 1912 पासून हत्ती बदलला, त्यामुळे मागणी असते. पण तुमचं नाणं चिंच आणि भांड्यांच्या पावडरीने घासलेलं होतं, हे तुम्हीच काउंटरवर सांगितलंत. ठशाच्या दाबाने धातू पसरतो तेव्हा पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात, टांकसाळीची चमक त्यांच्यामुळे असते. घासलं की त्या गेल्या, परत येत नाहीत. दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की गालावर समांतर ओरखडे चमकतात. असं नाणं ग्रेडिंगला, म्हणजे अवस्था तपासून अंक घ्यायला, दिलं तर 70 पैकी अंकाऐवजी ‘क्लीन्ड’ असा शेरा मिळतो. आम्ही वर्णनात तसं लिहिलं. लपवलं असतं तर नाणं परत आलं असतं.

‘परदेशात दुप्पट आले असते’ असंही तुम्ही लिहिलंय. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतं, खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

आता ते 26 रुपये. सगळे 1918 ते 1920 चे, झिजलेले. पहिल्या महायुद्धात चांदीची इतकी टंचाई झाली की 1918 च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून ब्रिटनला हिंदुस्थानसाठी चांदी विकली. त्या वर्षांत रुपये कोट्यवधींनी पडले आणि आजही पोत्याने निघतात. 1921 किंवा 1922 चा एखादा असता तर वेगळा काढला असता. तारखा एकेक करून पाहिल्या, नव्हता. एका रुपयात 10.69 ग्रॅम चांदी, 26 मध्ये जवळपास 278. लॉट त्या दिवशीच्या चांदीच्या भावाच्या वर गेला. सुटे विकले असते तर प्रत्येकावर फोटो आणि लिस्टिंगचा खर्च बसून हातात कमीच उरलं असतं.

जुन्या नाण्यांचे यूट्यूबवरचे लाखांचे आकडे मागितलेले असतात, मिळालेले नाहीत. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं नाणं ‘दहा लाखांना’ घेणारे आधी नोंदणी फी मागतात. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये अशा जाहिरातींबद्दल सावध केलं होतं.

आता आमच्या चुका. पैसे 45 दिवसांत द्यायचे होते, 54 व्या दिवशी दिले. तांब्याच्या नऊ नाण्यांचा लॉट घेणाऱ्याने पैसे थकवले आणि आम्ही त्याच्यासाठी तुमचा सगळाच हिशेब अडवून ठेवला. बाकीचे पैसे वेळेत सोडायला हवे होते. त्या लॉटचं कमिशन आम्ही घेत नाही, रक्कम याच आठवड्यात खात्यात येईल.

अंकुशी रुपयाचा फोटो खरंच वाईट होता. पेशवाईतले ठसे चकतीपेक्षा मोठे, त्यामुळे अर्धी अक्षरं बाहेर जातात; तुमच्या नाण्यावर अंकुश अगदी कडेला आहे आणि आमच्या दिव्याची सावली नेमकी त्यावर पडली. खूण दिसत नसलेल्या नाण्यावर कोण बोली लावणार? ते किमान बोलीला पोचलं नाही, म्हणून तुमच्याकडे परत आलं. पुन्हा आणलंत तर दोन बाजूंच्या तिरक्या प्रकाशात नवे फोटो काढून पुढच्या लिलावात विनाशुल्क घेऊ. सदाशिव पेठेत सोमवार सोडून कधीही या, सकाळी 11 नंतर. तोपर्यंत नाणं कागदाच्या पाकिटात ठेवा, पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिकमध्ये नको, त्याने हिरवट चिकटा सुटतो. आणि कृपा करून धुऊ नका.