छडीला दिलेले श्रेय

दहावी-बारावीचे निकाल लागले, किंवा कोट्यासारख्या शिकवणी वर्गांच्या शहरातून एखाद्या विद्यार्थ्याच्या आत्महत्येची बातमी आली, की एक संदेश नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांत पुन्हा फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र तोच असतो: आमच्या पिढीने छड्या खाल्ल्या, अनवाणी शाळा गाठली, नापासही झालो, पण जीव कोणी दिला नाही, आजच्या मुलांचे लाड झाले म्हणून त्यांना एक शब्द सोसत नाही, नैराश्य हे भरल्या पोटाचे दुखणे आहे, आत्महत्येचा विषय मुलांसमोर काढू नये, कारण नसते ते डोक्यात भरते, आणि समुपदेशकाकडे नेण्यापेक्षा चार फटके व थोडा संघर्ष दिला तर मुले आपोआप कणखर होतील. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपल्या नातवंडांची खरोखर काळजी असते. काळजीपोटी दिलेला सल्ला घरात ऐकला जातो, आणि म्हणूनच त्यातले एकेक विधान तपासून पाहणे गरजेचे आहे.

‘पूर्वी कोणी जीव देत नव्हते’ हे पहिले विधान नोंदींपेक्षा आठवणींवर उभे आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंतच्या कैदेचा गुन्हा होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संमत झाला, २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला आणि त्यातील कलम ११५ मुळे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरण्याची तरतूद झाली. तोवर घरात पोलीस येणार, धाकट्या बहिणीचे लग्न अडणार, गावात नाव निघणार, ही भीती प्रत्येक कुटुंबाच्या मानेवर होती. त्यामुळे ‘पाय घसरला’, ‘स्टोव्हचा भडका उडाला’, ‘अचानक पोटात दुखू लागले’ अशी कारणे सांगितली जात. विषय निघाला की मोठी माणसे आवाज खाली आणत आणि मुलांना खेळायला बाहेर पाठवत. त्या वेळी बाहेर पाठवलेली तीच मुले आज साठीत येऊन ‘आमच्या वेळी असे काही नव्हते’ अशी साक्ष देत आहेत.

आणि जे झाकले गेले नाही, तेही आपण सोयीने विसरतो. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली प्राणांतिक उपोषण करणाऱ्या, त्याआधी तुरुंगवास भोगलेल्या साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचे आयुष्य संपवले. त्यांच्यात कणखरपणाची किंवा संस्कारांची उणीव होती असे म्हणण्याचे धाडस हा संदेश पाठवणाराही करणार नाही.

तरीही या विधानामागची अस्वस्थता निराधार नाही, हे मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार साधारण एका दशकात देशातील विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची वार्षिक संख्या ६,६५४ वरून २०२२ साली १३,०४४ वर गेली, आणि त्या वर्षी १,७६४ मृत्यूंसह महाराष्ट्र सर्व राज्यांत पुढे होता. याच काळात सर्व वयोगटांचा मिळून दर २०१० मधील लाखामागे ११.४ वरून २०२२ मध्ये १२.४ झाला. म्हणजे एकूण दरापेक्षा विद्यार्थ्यांची संख्या कितीतरी वेगाने वाढली आहे. शिकणाऱ्या मुलांची संख्या वाढली आणि नोंदी सुधारल्या, हे त्याचे काही अंशी स्पष्टीकरण असू शकेल, पूर्ण नव्हे. परंतु वाढ खरी आहे एवढ्यावरून तिचे कारण ‘लाड’ हेच असल्याचे सिद्ध होत नाही. २०२२ च्या सर्व आत्महत्यांमध्ये ‘परीक्षेतील अपयश’ या कारणाखाली नोंदलेले मृत्यू १.२ टक्के होते, तर ‘कौटुंबिक समस्या’ या एकाच रकान्यात ३१.७ टक्के होते. पोलिसांनी भरलेला रकाना म्हणजे अंतिम सत्य नव्हे, पण सगळे काही गुणपत्रिकेवर आणि मुलांच्या नाजूकपणावर ढकलून मोकळे होता येणार नाही, एवढे त्यावरून नक्की कळते.

दुसरे विधान माराविषयीचे आहे: आम्ही मार खाल्ला आणि आमचे काही बिघडले नाही. यातली अडचण अशी, की हे सांगायला तेच उरले आहेत ज्यांचे बिघडले नाही. माजी विद्यार्थ्यांच्या गटात चौथीनंतर गुरुजींच्या भीतीने शाळाच सोडलेला मुलगा नसतो. तो असता तर छडीच्या आठवणी इतक्या हसत-खेळत निघाल्या नसत्या. एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या संशोधकांनी २०१६ साली पन्नास वर्षांतील, एकूण सुमारे एक लाख साठ हजार मुलांवरील अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांनी बेदम मारहाण वगळून केवळ नेहमीच्या घरगुती चापटा विचारात घेतल्या होत्या. तरीही तपासलेल्या सतरापैकी तेरा बाबतींत त्यांचा संबंध वाईट परिणामांशी आढळला: अधिक आक्रमकता, अधिक मानसिक त्रास, आई-वडिलांशी कमकुवत नाते. चापटेमुळेच हे घडते की आधीच त्रास देणाऱ्या मुलाला जास्त चापटा बसतात, हा वाद त्या अभ्यासातून पूर्ण मिटत नाही. मात्र मारामुळे मुले कणखर झाल्याचा पुरावा त्यात कोठेही नाही. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने २००९ सालीच शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. तेव्हा ‘चार फटके द्या’ हा सल्ला शिक्षकाला देणे म्हणजे त्याला कायदा मोडायला सांगणे आहे.

या संदेशातील सर्वांत वजनदार विधान तिसरे आहे, आणि ते अर्धे खरे असल्यामुळे अधिक फसवे आहे: संघर्षातूनच माणूस घडतो. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके पाठपुरावा केला. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले गरिबी, घरातील कलह, आई-वडिलांचे व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक संकटांत एकाच वेळी वाढत होती. संघर्षानेच माणूस घडत असता, तर हीच मुले सर्वांत कणखर निघायला हवी होती. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी साधारण दोन तृतीयांश मुलांना पुढे अभ्यासात, वर्तनात किंवा मानसिक आरोग्यात गंभीर अडचणी आल्या. उरलेली एक तृतीयांश मुले मात्र सावरली आणि जबाबदार, मायाळू माणसे झाली. संकट दोन्ही गटांच्या वाट्याला सारखेच आले होते. सावरलेल्यांकडे जे वेगळे आढळले, त्यात मुलाचा स्वभाव होता, घरात पार पाडायची एखादी खरी जबाबदारी होती, आणि निदान एक तरी भरवशाचे मोठे माणूस होते: कधी आजी, कधी मावशी, कधी शेजारीण, कधी शिक्षक.

आता हे वाचून संदेश पाठवणाऱ्यांनी आपलेच बालपण पुन्हा आठवून पाहावे. छडी होती हे खरे. पण शाळेतून रडत आल्यावर पदराने डोळे पुसणारी आजीही होती, चाळीतल्या कोणत्याही दारात जेवायला बसता येत होते, नापास झालेल्या पोराला ‘चल, चार दिवस गावी राहा’ म्हणणारा मामा होता. आपण आजीच्या कामाचे श्रेय छडीला देत आलो आहोत. आमच्याकडे ‘मला विहिरीत ढकलून पोहायला शिकवले’ असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ आहेत. पाठीला बांधलेला डबा आणि पायऱ्यांवर धोतर खोचून उभा असलेला काका त्यांच्या गोष्टीतून गळालेला असतो. दोन खोल्यांच्या बंद फ्लॅटमध्ये, आई-वडील दोघेही रात्री आठला घरी येत असताना, किंवा परगावच्या वसतिगृहात सोळाव्या वर्षी एकट्या राहणाऱ्या मुलाला फक्त ढकलणे तेवढे वाट्याला येते. मुलाला प्रत्येक छोट्या अपयशापासून वाचवणारे, त्याचा प्रकल्प स्वतः करून देणारे पालक चुकतात, हे संदेशातील म्हणणे मला मान्य आहे. झेपेल एवढे ओझे मुलांना उचलू दिलेच पाहिजे. पण झेपेल किती, हे जवळ उभे राहिल्याखेरीज कळत नाही.

याला जोडून एक मुद्दा. अपयश पचवायला शिकवा, हे ठीक; पण अपयशाची किंमत किती ठेवायची हे तर मोठ्यांच्या हातात आहे. तमिळनाडूत नापास विद्यार्थ्यांना वर्ष वाया न घालवता लगेच पुरवणी परीक्षा देण्याची सोय झाल्यावर परीक्षेतील अपयशामुळे होणाऱ्या आत्महत्या घटल्या. आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या चेन्नईच्या ‘स्नेहा’ या संस्थेच्या संस्थापक डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी या उपायाचा सातत्याने पाठपुरावा केला आहे. महाराष्ट्रातही २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैतच घेण्यास सुरुवात झाली. यात मुलांचे लाड कोणी केले नाहीत. वर्षभराची शिक्षा काही आठवड्यांवर आणली, इतकेच.

‘भरल्या पोटाचे दुखणे’ या विधानावर फार थांबण्याची गरज नाही. २०२२ मध्ये आत्महत्या केलेल्यांत सुमारे २६ टक्के लोक रोजंदारीवर काम करणारे होते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळले. महानगरांत हे प्रमाण जास्त होते, पण ग्रामीण भागही त्यातून सुटलेला नव्हता.

‘विषय काढला की डोक्यात भरते’ ही भीती अनेक सुजाण पालकांनाही वाटते आणि तिला उत्तर आहे. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांमध्ये मॅडलिन गुल्ड यांच्या गटाने २,३४२ विद्यार्थ्यांना दोन भागांत विभागून एका भागाला आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारले, दुसऱ्याला विचारले नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की विचारल्यामुळे कोणाच्या मनात तसे विचार वाढले नाहीत. उलट आधीपासून निराश असलेल्या मुलांचा ताण किंचित कमीच झाला. युरोपातील दहा देशांच्या १६८ शाळांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर मुलांनी चार आठवड्यांत एकूण पाच तास याच विषयांवर चर्चा केली, प्रसंगनाट्ये केली. वर्षभरानंतर त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न तुलनेच्या गटापेक्षा निम्म्याहून कमी होते. वर्तमानपत्रांनी रंगवून, तपशील देऊन छापलेल्या बातम्या घातक ठरतात हे खरे आहे. मात्र ‘तुला जगणे नकोसे वाटते का’ असे मुलाच्या शेजारी बसून विचारणे ही निराळी गोष्ट आहे.

शेवटी समुपदेशकांचा मुद्दा. शाळेत जे काही ‘मानसिक आरोग्याच्या’ नावाने चालते ते सगळे उपयोगाचे असते, असा माझा दावा नाही. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात वर्गात सर्वांना सरसकट दिलेल्या सजगतेच्या (माइंडफुलनेसच्या) धड्यांचा नेहमीच्या शिकवण्यापेक्षा अधिक फायदा दिसला नाही, असे २०२२ मध्ये समोर आले. पण गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत केलेला ‘सेहर’ हा प्रयोग अधिक बोलका आहे. काही शाळांत प्रशिक्षण दिलेली साधी माणसे, म्हणजे मानसशास्त्राची पदवी नसलेले समुपदेशक, पूर्णवेळ नेमले. काही शाळांत हेच काम शिक्षकांवर सोपवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणे घटली; शिक्षकांवर काम सोपवलेल्या शाळांत असा फरक पडला नाही. ज्याने गुण द्यायचे, त्याच्यापाशी मन मोकळे करायला मूल धजावत नसावे, असे मला वाटते. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी निदान एक पात्र समुपदेशक नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे. तुमच्या मुलाच्या शाळेत किंवा शिकवणी वर्गात तो नेमला आहे का, हे पुढच्या पालकसभेत विचारता येईल. तोवर ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. छडीचा संदेश ज्या गटांत आला, त्याच गटांत हा क्रमांक पाठवायला हरकत नसावी.