टिंब काढून बघा, सर

'आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. कृपया आमच्या सेवेला पाच स्टार द्या.' असा होस्टिंग कंपनीचा मेसेज आला, तेव्हा तक्रार ठणठणीत होती आणि मिळेल त्याला ४०३, म्हणजे 'आत येऊ नका', दाखवत होती.

मामला एवढासाच. मास्टोडॉन, म्हणजे ज्याने त्याने आपापल्या सर्व्हरवर चालवायचं ट्विटरसारखं सोशल नेटवर्क, बसवलंय स्वतःच्या सर्व्हरवर, सोशल.अमुक.इन या पत्त्यावर. पण हँडलमध्ये, म्हणजे @ लावून लिहायच्या नावात, नुसतं अमुक.इन दिसावं, ही हौस. त्याची सोय आहे: लोकल_डोमेन अमुक.इन, वेब_डोमेन सोशल.अमुक.इन. (लोकल_डोमेन विचार करून लिहा, नंतर बदलता येत नाही.) मग बाहेरचा सर्व्हर आधी अमुक.इनलाच विचारतो की हा माणूस राहतो कुठे. विचारण्याची जागाही ठरलेली, /.वेल-नोन/वेबफिंगर, आरएफसी (इंटरनेटचे लेखी नियम) ७०३३, साल २०१३. थोडक्यात, अमुक.इन म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. त्याने फक्त 'बी विंग' एवढंच सांगायचं. अमुक.इनवर एक जुना ब्लॉग आहे, तो एका होस्टिंग कंपनीकडे. त्यांचा वॉचमन पाहुण्यांना परस्पर हाकलत होता.

कारण उघड होतं. कोड-पासवर्ड असलेल्या .गिट, .एन्व्ह असल्या फायली कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून टिंबाने सुरू होणारं सगळं अडवणारा रेजेक्स (नावं जुळवायचा साचा) एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये जो तो चिकटवतो. साध्या लोकेशनपेक्षा (एखाद्या पत्त्यापुरत्या नियमापेक्षा) रेजेक्स वरचढ, त्यामुळे .वेल-नोनही त्यात भरडलं जातं. '=' लावून लिहिलेलं नेमकं लोकेशन मात्र रेजेक्सच्या आधी जुळतं. म्हणजे काम दोन ओळींचं: तेवढा पत्ता अडवू नका, सोशल.अमुक.इनकडे वळवा. त्या ओळी टिकिटात आयत्या लिहून दिल्या होत्या.

उत्तर आलं, "सर, तुमची वेबसाइट आमच्याकडे ओपन होत आहे." सोबत होमपेजचा स्क्रीनशॉट.

होमपेज उघडतं हो. वेबफिंगर उघडत नाही.

"सर, ब्राउझरचा कॅशे क्लिअर करून बघा."

विचारणारा ब्राउझर नाही, जर्मनीतला सर्व्हर आहे.

"ओके सर. मग त्यांना कॅशे क्लिअर करायला सांगा."

इथे मिनिटभर शांतता. पलीकडे तीन ठिपके नाचत होते. काहीतरी मोठं शिजत असावं. आणि आलं.

"सर, इश्यू सापडला. फोल्डरच्या नावाआधी चुकून टिंब पडलं आहे. काढून बघा."

ते टिंब पडलेलं नाही, ठेवलेलं आहे. जगभरचे सर्व्हर त्या टिंबासकट विचारतात. तुमचं स्वतःचं एचटीटीपीएस सर्टिफिकेटही त्याच टिंबाखालच्या अ‍ॅक्मे-चॅलेंजवरून रिन्यू होतं. त्याला तुम्ही वेगळी सूट दिलीत, तशीच इथे द्या.

"सर, सिक्युरिटी पॉलिसीप्रमाणे टिंब अलाउड नाही. टिंबाशिवायचं फोल्डर बनवून दिलं आहे. आणखी काही मदत?"

आणि टिकीट बंद!

या माणसावर राग काढण्यात अर्थ नाही, त्याला तेवढीच वाक्यं दिलेली असणार. राग येतो तो नियम चिकटवून मोकळं होणाऱ्यांचा. टिकीट पुन्हा उघडल्यावर कुणा वरच्या माणसाने रीडायरेक्ट टाकला, तोही नुसता सोशल.अमुक.इनच्या होमपेजकडे. शेपटीला $रिक्वेस्ट_यूआरआय नाही. म्हणजे ?रिसोर्स=अकाउंट: (कुणाचं खातं विचारलंय ते) हा खरा प्रश्न वाटेतच गळाला आणि समोरच्याला जेसनऐवजी (यंत्राने वाचायचं उत्तर) एचटीएमएल (माणसाने बघायचं वेबपान) मिळालं. निदान ४०३ गेला, म्हणायचं.

आपल्या बाजूला तरी कुठे सुख आहे म्हणा. मास्टोडॉनची वेब बाजू ३००० पोर्टवर, स्ट्रीमिंग, म्हणजे नव्या पोस्ट तत्क्षणी पोचवणारा भाग, ४००० वर. पुढे उभ्या एनजिनएक्सने /एपीआय/व्ही१/स्ट्रीमिंग वेगळं काढून ४००० कडे वळवायचं, आणि अपग्रेड व कनेक्शन हे दोन हेडर (विनंतीसोबतच्या चिठ्ठ्या) पुढे द्यायचे. विसरलात तर काही कोसळत नाही, हाच त्रास: पोस्ट येतात, पण थबकत थबकत, आणि दोष बिचाऱ्या इंटरनेटवर जातो. होस्ट हेडर जसाच्या तसा पुढे जायला हवा, कारण बाहेरून येणाऱ्या पोस्टच्या डिजिटल सहीत होस्टही असतो, तिथे १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःचाच पत्ता) पोचलं की पडताळणी फसली. एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो नसेल तर मास्टोडॉनला वाटतं पाहुणा एचटीटीपीने आलाय, मग रीडायरेक्टवर रीडायरेक्ट. फोटो टाकताना ४१३ ('फार मोठं आहे') दिसला तर क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ बघा. न लिहिल्यास मर्यादा एक एमबी, आजच्या फोनचा एक फोटोही त्यात मावत नाही. आणि पुढे कॅशे लावण्याची हुक्की आलीच, तर लक्षात असू द्या: एकाच पत्त्यावर माणसाला एचटीएमएल आणि सर्व्हरला जेसन जातं, अ‍ॅक्सेप्ट हेडर बघून. कॅशेने व्हेरी (कोणत्या हेडरप्रमाणे उत्तर बदलतं ती सूचना) पाळलं नाही तर तुमच्या प्रोफाइलवर येणाऱ्या मावशीला कंसांचा ढीग दिसेल.

शेवटी $रिक्वेस्ट_यूआरआय पडलं. कर्लने (कमांडवरून पत्ता तपासायचं साधन) विचारलं, ३०१ ('तिकडे जा') मिळाला, पुढे २०० ('ठीक'), सब्जेक्टमध्ये अकाउंट आणि अमुक.इन. लगेच चॅटची खिडकी पुन्हा उघडली. तेच गृहस्थ.

"सर, पोर्ट ४००० फायरवॉलमध्ये ओपन करून देऊ का? फ्री आहे."

नको. ३००० आणि ४००० दोन्ही १२७.०.०.१ वरच ऐकतात, बाहेर फक्त ८० आणि ४४३. शिवाय तो सर्व्हर तुमच्याकडे नाहीच.

"ओके सर. मग टिंबाशिवायचं फोल्डर डिलीट करू का?"